लहरींना लावलेलं कुलूप

२६ नोव्हेंबर २००८च्या रात्री मुंबईच्या कामा रुग्णालयाच्या सहाव्या मजल्यावर अपर पोलीस आयुक्त सदानंद दाते मोजक्या सहकाऱ्यांसह कसाब आणि अबू इस्माईल या दहशतवाद्यांना तोंड देत होते. ग्रेनेडच्या स्फोटात जखमी होऊनही ते कुमक मागत राहिले. मध्यरात्रीच्या सुमारास रुग्णालयाला लागून असलेल्या रंगभवन गल्लीत हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर या पोलीस अधिकाऱ्यांच्या क्वालिसवर गोळ्या झाडल्या गेल्या. तिघेही गेले. गाडीच्या मागच्या भागात जखमी होऊन पडलेले पोलीस शिपाई अरुण जाधव वाचले. हल्लेखोर पळवलेली क्वालिस टाकून दुसऱ्या गाडीतून निघून गेले, तेव्हा जाधवांनी त्याच गाडीतल्या वायरलेसवरून नियंत्रण कक्षाला खबर दिली.

पुढे अशोक कामटे यांच्या पत्नी विनिता कामटे यांनी त्या रात्रीच्या नियंत्रण कक्षातल्या संभाषणांची नोंद माहितीच्या अधिकारात मागितली. त्या नोंदींवरून कोणता निरोप कधी आला आणि त्यावर काय झालं याची संगती त्यांनी लावली आणि विनिता देशमुख यांच्यासह २००९ मध्ये ‘टू द लास्ट बुलेट’ हे पुस्तक लिहिलं. त्यावर वाद झाले, दुसरी बाजूही मांडली गेली. पण वाद घालायला निदान कागद होता.

त्या रात्रीनंतर जवळपास बारा वर्षांनी, १ ऑक्टोबर २०२० रोजी, मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय सुरू झालं. तोवर ठाणे ग्रामीण पोलिसांकडे असलेलं भाईंदर पूर्वेचं नवघर पोलीस ठाणे या नव्या आयुक्तालयात आलं. पहिले आयुक्त होते सदानंद दाते.

पोलिसांचं वायरलेसवरचं बोलणं चालू असताना कोणाच्या कानी पडू नये आणि ते संपल्यावर कोणाला पाहायला मिळावं, हे दोन्ही प्रश्न २६/११च्या त्या एका रात्रीने समोर ठेवले. डिजिटल सेट आणि एन्क्रिप्शन, म्हणजे बोलण्याला लावलेलं सांकेतिक कुलूप, आल्यापासून पहिल्या प्रश्नाचं उत्तर यंत्रच देऊ लागलं आहे. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आपल्याला द्यायचं आहे. पण त्याआधी, रिसिव्हरवर कानावर येणारी प्रत्येक गुरगुर म्हणजे काहीतरी गुप्त चाललं आहे, हा समज बाजूला ठेवला पाहिजे. बहुतेक वेळा तिथं गुपित नसतंच, आपलंच काहीतरी चुकत असतं.

गच्चीवर

नवघर रोडवरच्या एका इमारतीच्या गच्चीवर हे मला नीट पाहायला मिळालं. पूर्वेला इमारती संपतात तिथून मिठागरं आणि खाडीचा सपाट पट्टा सुरू होतो. पश्चिमेला रेल्वे, आणि तिच्या दोन्ही बाजूंना काँक्रीटची दाटी. पाण्याच्या टाकीच्या सावलीत एक लॅपटॉप, पेनड्राइव्हएवढा एक डोंगल आणि पीव्हीसीच्या पाइपला बांधलेला अँटेना. मांडणी करणारे गृहस्थ परवानाधारक हौशी रेडिओवाले, म्हणजे हॅम. वस्तीतली पोरं त्यांना काका म्हणतात. शेजारी इलेक्ट्रॉनिक्स शिकणारा एक मुलगा हेडफोन लावून बसला होता.

लॅपटॉपच्या पडद्यावर निळ्या पार्श्वभूमीवर एक पिवळी पट्टी लुकलुकत खाली सरकत होती. हॅम मंडळींना दिलेल्या ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात कोणीतरी डिजिटल सेटवर बोलत होतं. हेडफोनमध्ये मात्र शब्द नव्हते, नुसती गुरगुर, मध्येच एखादं अक्षर, पुन्हा गुरगुर.

“काका, हे एन्क्रिप्टेड आहे.”

“हॅमच्या पट्ट्यात कुठलं आलंय एन्क्रिप्शन? इथं लपवून बोलायची सोयच नाही. चुकांचा आकडा किती दाखवतोय ते सांग आधी.”

आकडा आठ टक्क्यांच्या आसपास होता. काकांनी ना सॉफ्टवेअरला हात लावला ना सेटिंगला. त्यांनी अँटेनाचा पाइप टाकीपासून वीतभर बाजूला सरकवला. आकडा एक टक्क्याच्या खाली आला आणि गुरगुरीतून दोन माणसांचं बोलणं निघालं. एक जण दुसऱ्याला अँटेनाची लांबी समजावत होता. बोलणं संपल्यावर दोघांनी रिवाजाप्रमाणे एकमेकांना ‘सेव्हन थ्री’ म्हणून निरोप घेतला.

काकांनी दोन वाक्यांत जे सांगितलं, तेच या विद्येचं पहिलं सूत्र आहे. दोन देशांमधल्या हौशी केंद्रांनी अर्थ लपवण्यासाठी सांकेतिक प्रक्षेपण करू नये, असं आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमच सांगतात, आणि हॅम मंडळींची सगळी रीत उघड बोलण्याची आहे. तेव्हा या पट्ट्यात आवाज फुटला तर दोष लहरींचा, तारेचा किंवा सेटिंगचा. शिकणाऱ्याने डिजिटल ऐकण्याची सुरुवात इथूनच करावी. इथं हात बसला की पुढे खरं कुलूप कुठे आहे आणि नुसता बिघाड कुठे आहे, हे ओळखता येतं.

वीस मिलिसेकंदांचा हिशेब

जुन्या ॲनालॉग सेटवर सिग्नल दुबळा झाला की खरखर वाढायची, पण तिच्याखालचं बोलणं कान लावून कळायचं. डिजिटलमध्ये तसं होत नाही. काही मर्यादेपर्यंत आवाज स्वच्छ असतो आणि ती ओलांडली की एकदम कोसळतो. मधली पायरी अगदी अरुंद. याचं कारण आवाज कसा पाठवला जातो, त्यात आहे.

खासगी सुरक्षा, कारखाने, हॉटेलं आणि हॅम या सगळ्यांमध्ये चालणारा डीएमआर हा प्रकार घेऊ. युरोपातल्या ‘एत्सी’ या मानक संस्थेने तो २००५ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात माणसाचं बोलणं वीस मिलिसेकंदांच्या तुकड्यांत कापलं जातं. सेटमधला व्होकोडर प्रत्येक तुकड्यातला आवाज जसाच्या तसा पाठवत नाही. स्वर किती उंच, कुठे घोष, कुठे नुसता श्वास, एवढं वर्णन तो पाठवतो. सेकंदाला १,२८,००० बिट लागणारं बोलणं त्यामुळे सुमारे २,४५० बिटांत मावतं. त्यात वाटेतल्या चुका दुरुस्त करण्यासाठी आणखी १,१५० बिट घातले जातात. ऐकणाऱ्याचा सेट त्या वर्णनावरून आवाज नव्याने घडवतो.

म्हणून डिजिटलमध्ये दोन-चार बिट चुकले तर काहीच कळत नाही, दुरुस्तीचे बिट ते सांभाळून घेतात. जास्त चुकले की सेट आधीचा तुकडा पुन्हा वाजवतो किंवा गप्प बसतो. त्याहून जास्त चुकले की चुकीच्या वर्णनावरून आवाज घडतो, आणि आपल्याला पाण्यात बुडून बोलणारा यंत्रमानव ऐकू येतो. एन्क्रिप्शन असेल तेव्हाही व्होकोडरपुढे अर्थहीन बिट येतात आणि तो इमानेइतबारे त्यांतूनही आवाज घडवतो. कारणं दोन, कानाला लागणारा परिणाम जवळपास एकच. गोंधळ होतो तो इथे.

डीएमआरमध्ये १२.५ किलोहर्ट्झच्या एका चॅनेलवर दोन संभाषणं आलटूनपालटून चालतात, प्रत्येकाला ३० मिलिसेकंदांची पाळी. हातातल्या एकट्या सेटचं प्रक्षेपण साध्या ॲनालॉग रिसिव्हरवर ऐकलं तर ते यांत्रिक होडीच्या इंजिनासारखं फटफटतं. मेट्रो आणि अनेक देशांतले पोलीस वापरतात त्या टेट्रामध्ये २५ किलोहर्ट्झवर चार पाळ्या असतात आणि मनोऱ्याचा सिग्नल अखंड गुणगुणतो. अमेरिकी पोलिसांचं पी-२५ घोगरं लागतं. जाणकार कानावरून प्रकार ओळखतात. नवखे चुकीचा प्रकार निवडतात आणि तासभर गुरगुर ऐकत बसतात.

बिघाड कुठे शोधायचा

काकांची तपासणीची पद्धत ठरलेली आहे, आणि ती अँटेनापासून आत येते. ४३५ मेगाहर्ट्झला लहरीची लांबी सुमारे ६९ सेंटिमीटर. आजूबाजूच्या भिंतींवरून परतलेल्या लहरी थेट येणाऱ्या लहरीत मिसळतात तेव्हा कुठे त्या एकमेकींना बळ देतात, कुठे खोडून काढतात. या दोन जागांमधलं अंतर अनेकदा वीत-दीड वीतच असतं. नवघर, गोडदेव, खारीगावसारख्या दाट वस्तीत अँटेना थोडा सरकवणं हा फुकटचा आणि बहुतेक वेळा पुरेसा इलाज आहे.

त्यानंतर तार. खाडीकाठची खारट हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांत कोॲक्सचा जोड वर्षभरात हिरवा पडतो. तारेच्या आवरणाला चीर गेली तर पाणी आत शिरतं आणि जाळीवाटे हळूहळू खाली उतरतं. बाहेरून तार धडधाकट दिसते आणि आत सिग्नल अर्धाही उरलेला नसतो. गच्चीवरच्या जोडावर स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप घट्ट गुंडाळावी. तार घरात शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्यावा, म्हणजे पाणी तिथून गळून जातं.

मग येतो डोंगल. दूरचित्रवाणीसाठी बनलेल्या या स्वस्त उपकरणात सर्वसाधारण रेडिओ रिसिव्हर दडलेला आहे, हे २०१२ मध्ये जगभरच्या हौशी मंडळींच्या ध्यानात आलं आणि पूर्वी महागडा स्कॅनर लागायचा ते काम काही हजार रुपयांत होऊ लागलं. पण स्वस्त डोंगलमधला स्फटिक नेमका नसतो. तो दहा लाखांत पन्नास भागांनी चुकला, तर ४३५ मेगाहर्ट्झला जवळपास २२ किलोहर्ट्झचा फरक पडतो. आपला चॅनेल १२.५ किलोहर्ट्झचा, म्हणजे आपण शेजारच्या चॅनेलच्याही पलीकडे जाऊन बसतो. मे महिन्यात तापलेल्या गच्चीवर हा फरक आणखी सरकतो. डोंगल पंधरा-वीस मिनिटं चालू ठेवून, माहीत असलेल्या एखाद्या सिग्नलवर त्याची चूक मोजून सॉफ्टवेअरमध्ये भरायची. तापमान सांभाळणारा स्फटिक असलेला डोंगल घेतला तर ही कटकट बरीच टळते.

नवशिक्यांचा हमखास घोटाळा म्हणजे गेन, रिसिव्हर सिग्नल किती वाढवतो त्याचं माप. आवाज येत नाही म्हणून गेन पुरता वाढवायचा, आणि समोरच्या इमारतीवरच्या मोबाइल टॉवरने किंवा एफएम केंद्राने रिसिव्हर पार बहिरा करून टाकायचा. पडद्यावर सगळीकडे खोटे सिग्नल उभे राहतात आणि खरा त्यांत बुडतो. गेन निम्म्यावर आणला की कित्येकदा गुरगुर थांबते. तरीही थांबली नाही तर एफएमचा पट्टा अडवणारा फिल्टर. इमारतीची लिफ्ट, स्वस्त एलईडी दिवे, सौर पॅनेलचा इन्व्हर्टर यांचा उपद्रवही कमी नसतो. हॅम मंडळी माणसाने केलेल्या अशा सगळ्या व्यत्ययाला ‘क्यूआरएम’ म्हणून मोकळी होतात.

अमेरिकेतल्या स्कॅनरवाल्यांना छळणारा एक प्रकार वेगळाच आहे. तिथे शहरभर पसरलेले अनेक मनोरे एकाच फ्रिक्वेन्सीवर तेच बोलणं एकाच वेळी पाठवतात. त्यासाठी बनवलेल्या पोलिसी सेटला ते पेलतं, साध्या स्कॅनरला नाही. सिग्नलची कांडी भरलेली आणि शब्द मात्र चिंध्या झालेले, अशी तक्रार तिथे नित्याची. तिथे जास्त मोठा अँटेना लावणं उलट अंगाशी येतं. एकाच मनोऱ्याकडे रोखलेला दिशादर्शक अँटेना उपयोगी पडतो. युनिडेन कंपनीने २०१८ मध्ये आणलेला एसडीएस-१०० हा स्कॅनर याच दुखण्यावरचा इलाज म्हणून विकला गेला.

कुलूप ओळखायचं कसं

एवढं सगळं तपासूनही गुरगुर उरली, तर मग एन्क्रिप्शनची शक्यता. तिची खूण सोपी आहे. बिघाडात सगळंच बिघडतं: चुकांचा आकडा चढलेला असतो, बोलणाऱ्याचा क्रमांक आणि गटाचा क्रमांक नीट वाचता येत नाही, आवाज मध्येच लागतो आणि मध्येच तुटतो. कुलूप असतं तेव्हा बाकी सगळं ठणठणीत असतं. सिग्नल भक्कम, चुका जवळपास शून्य, गटाचा क्रमांक स्पष्ट, आणि आवाज मात्र पहिल्या क्षणापासून शेवटपर्यंत सारखाच निरर्थक. शिवाय बरेच सेट बोलण्यासोबत कोणती पद्धत आणि कितव्या क्रमांकाची किल्ली वापरली आहे, हेही उघडपणे पाठवतात. किल्ली गुप्त, पण किल्ली लावली आहे ही गोष्ट गुप्त नाही. चांगला स्कॅनर ती खूण पाहतो आणि आवाज बंद करतो.

तिथे थांबायचं. २५६ बिटांच्या एईएस पद्धतीपुढे घरातल्या संगणकाचं काही चालत नाही, आणि ते उघडायचा अधिकारही आपल्याला नाही. पण प्रत्येक कुलूप तितकंच मजबूत असतं असंही नाही. जुलै २०२३ मध्ये ‘मिडनाइट ब्लू’ या नेदरलँड्समधल्या संशोधकांच्या चमूने दाखवून दिलं की टेट्रामधल्या टीईए-१ या पद्धतीची किल्ली सांगायला ८० बिटांची आहे, प्रत्यक्षात ती ३२ बिटांवर आणली जाते. ती साध्या लॅपटॉपवर मिनिटभरात फुटते. पद्धत कशी चालते हे निर्मात्यांनी गुप्त ठेवलं होतं, म्हणून ही खोट वर्षानुवर्षं कोणाच्या ध्यानात आली नाही. ज्या सरकारी आणि औद्योगिक यंत्रणांनी ती विश्वासाने विकत घेतली, त्यांनाही आपण काय घेतलं हे ठाऊक नव्हतं. सुरक्षेसाठी खरेदी करणाऱ्या प्रत्येक कार्यालयाने यातून एक धडा घ्यायला हवा: निविदेत ‘एन्क्रिप्शन आहे’ एवढं वाचून भागत नाही, कोणतं आणि कोणी तपासलेलं, हेही विचारावं लागतं.

ऐकणं आणि कायदा

अमेरिकेत स्कॅनर हा छंद आहे. आपल्याकडे गोष्ट निराळी. १९३३च्या इंडियन वायरलेस टेलिग्राफी ॲक्टने परवान्याविना वायरलेस उपकरण नुसतं जवळ बाळगणंही गुन्हा ठरवलं. घरातल्या रेडिओसाठी पोस्टात जाऊन लायसन्सचे पैसे भरल्याचं साठीच्या पुढच्या वाचकांना आठवत असेल. ते लायसन्स ऐंशीच्या दशकात गेलं, कायद्याची भीती राहिली. ती भीती नुसती कागदी नव्हती. १९४२च्या आंदोलनात उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत काँग्रेस रेडिओ चालवला, ४२.३४ मीटरवर, जागा बदलत बदलत. १२ नोव्हेंबरला पोलिसांनी त्यांना पकडलं. लहरी कोणाच्या, हा प्रश्न या देशात तेव्हापासूनच राजकीय आहे.

आता १८८५चा टेलिग्राफ कायदा आणि हा १९३३चा कायदा यांची जागा घेण्यासाठी दूरसंचार अधिनियम २०२३ आला आहे. त्याचं दंडाचं कलम ४२ हे २६ जून २०२४ पासून लागू झालं. बेकायदा एखादा संदेश मध्येच टिपला तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. यात संदेश कुलूपबंद होता की उघडा, याने सूट मिळत नाही. डोंगल काही हजारांना मिळतो, म्हणून त्यावर जे पडेल ते ऐकायला मोकळीक आहे, असं कोणी समजू नये. हे एकट्या भारतातच आहे असंही नाही. ब्रिटन आणि जर्मनीतही पोलिसांचं वायरलेस ऐकणं बेकायदाच आहे.

दुसरी बाजू बोलण्याची. सोसायटीचे वॉचमन, मंगल कार्यालयं, विसर्जनाच्या मिरवणुकीतले कार्यकर्ते यांच्या कमरेला आता वॉकी-टॉकी दिसतो. २०१८च्या नियमांनी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ एवढा चिंचोळा पट्टा कमी शक्तीच्या सेटसाठी परवानामुक्त केला. बाजारात मिळणारे अनेक चिनी सेट मात्र याच्या कितीतरी पलीकडच्या फ्रिक्वेन्सींवर बोलतात. हे सेट हॅमच्या किंवा एखाद्या सरकारी खात्याच्या चॅनेलवर जाऊन बसतात आणि तिथलं बोलणं फुटतं. गुरगुरीचं हेही एक कारण: दोन डिजिटल सेट एकाच वेळी एकाच चॅनेलवर आले की दोघांचाही चिखल होतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२५ मध्ये ई-कॉमर्स कंपन्यांना नोटिसा दिल्या आणि अशा सेटच्या विक्रीसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली, ती यामुळेच. सेट घेताना त्याची फ्रिक्वेन्सी आणि मान्यता विचारणं हे ग्राहकाचंही काम आहे.

ज्याला हे मनापासून शिकायचं आहे त्याच्यासाठी सरळ वाट आहे आणि ती नवघरहून लांब नाही. भाईंदरहून लोकल पकडली की मीरा रोड, दहिसर, मग बोरिवली. बोरिवली पश्चिमेला गोराई रोडवर केंद्र सरकारच्या वायरलेस मॉनिटरिंग ऑर्गनायझेशनचं आंतरराष्ट्रीय देखरेख केंद्र आहे. लहरींवर कोण, कुठे, कसं बोलतंय यावर लक्ष ठेवणारं हे कार्यालय हॅमची परीक्षाही घेतं. वयाची बारा वर्षं पूर्ण झालेल्या कोणालाही ही परीक्षा देता येते. पास झाल्यावर मिळणारं कॉलसाइन ‘व्हीयू’ने सुरू होतं. जुलै २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरून बंगळुरू आणि शिलाँगशी बोलले, ते याच हॅम रेडिओवरून. १९९३ मध्ये किल्लारीच्या भूकंपानंतर टेलिफोन बंद पडले तेव्हा निरोप पोचवायला हीच हौशी मंडळी धावली होती.

जे उघडंच राहिलं पाहिजे

प्रत्येक बोलण्याला कुलूप लावणं शहाणपणाचं नसतं. भाईंदर पश्चिमेला उत्तन, पाली, चौक या कोळीवाड्यांतल्या बोटी समुद्रात जातात. बोटीवरच्या व्हीएचएफ सेटचा सोळावा चॅनेल, १५६.८ मेगाहर्ट्झ, जगभर संकटातल्या हाकेसाठी राखलेला आहे आणि तो सगळ्यांसाठी उघडा आहे. बोट बुडत असताना जवळच्या अनोळखी जहाजालाही हाक कळली पाहिजे, म्हणून. जहाजांची ओळख सांगणारी एआयएस ही डिजिटल यंत्रणाही १६१.९७५ आणि १६२.०२५ मेगाहर्ट्झवर उघडपणेच चालते. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला वाढवण बंदराच्या पायाभरणीच्या कार्यक्रमात पंतप्रधानांनी मच्छीमार बोटींसाठी इस्रोने विकसित केलेल्या ट्रान्सपॉन्डरची देशव्यापी योजना सुरू केली. १३ किनारी राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांतल्या एक लाख बोटींसाठी ती आहे. वादळात तुटक ऐकू येणाऱ्या हाकेऐवजी उपग्रहावरून जाणारा ठरलेला छोटा संदेश, हे डिजिटलचं खरं देणं आहे.

पण नुसतं उघडं ठेवूनही चालत नाही, हे ऑगस्ट २०२३ मध्ये पोलंडने पाहिलं. तिथल्या रेल्वेच्या जुन्या ॲनालॉग रेडिओवर ठरावीक स्वरांचा इशारा आला की गाड्या आपोआप थांबतात. त्या इशाऱ्याला ना कुलूप, ना ओळखपत्र. कोणीतरी तो हवेत सोडला आणि वीसेक गाड्या उभ्या राहिल्या. संदेश लपवणं आणि संदेश खरा आहे याची खात्री करणं, ही दोन वेगळी कामं आहेत. संकटाची हाक लपवायची गरज नाही. ती खरी आहे का, हे मात्र यंत्राला कळलं पाहिजे.

पोलिसांच्या चालू कारवाईचं बोलणं या दोन्हींहून वेगळं. २६/११ला वृत्तवाहिन्या घटनास्थळाचं थेट चित्रण दाखवत होत्या आणि पाकिस्तानात बसलेले सूत्रधार ते पाहून फोनवरून हल्लेखोरांना सूचना देत होते. २९ ऑगस्ट २०१२ रोजी कसाबची फाशी कायम करताना सर्वोच्च न्यायालयाने या थेट प्रक्षेपणावर कठोर शब्दांत टीका केली. २०१५ मध्ये दहशतवादविरोधी कारवाईच्या थेट प्रक्षेपणावर केबल नियमांत बंदी आली. ज्या कारणासाठी कॅमेरा बंद, त्याच कारणासाठी वायरलेसला कुलूप. त्या क्षणापुरतं ते रास्त आहे.

नोंद कोणाची

अडचण त्या क्षणानंतर सुरू होते. न्यूयॉर्क पोलिसांनी २०२३ पासून एकेका भागातलं वायरलेस कुलूपबंद करायला सुरुवात केली, तेव्हा तिथल्या वार्ताहरांनी आरडाओरडा केला, कारण दशकानुदशकं ते स्कॅनर ऐकून घटनास्थळी पोचत होते. शिकागोने २०२२ पासून एक तोडगा वापरला: बोलणं त्या वेळी बंद, अर्ध्या तासाने सगळ्यांना ऐकायला खुलं. आपल्याकडे नागरिकाने पोलिसांचं वायरलेस ऐकण्याची परंपरा नाही आणि कायदा ती होऊ देणार नाही. म्हणून आपल्याकडे भर ऐकण्यावर देण्यात अर्थ नाही, तो नोंदीवर दिला पाहिजे. डिजिटल यंत्रणेत प्रत्येक संभाषणासोबत वेळ, गट आणि बोलणाऱ्या सेटचा क्रमांक आपोआप साठवता येतो. ॲनालॉगच्या काळात वहीत लिहिल्या जाणाऱ्या नोंदीपेक्षा ही कितीतरी पक्की. ती किती काळ ठेवायची आणि कोणाला द्यायची, हे मात्र यंत्र ठरवत नाही.

माहितीच्या अधिकाराच्या कायद्यात यासाठी तरतूद आहे. तपासाला किंवा खटल्याला बाधा येत असेल तर कलम ८(१)(एच) खाली माहिती नाकारता येते. पण कलम १० सांगतं की नाकारण्याजोगा भाग वगळून उरलेला द्यावा. नवघरमध्ये इमारतीला आग लागली, खाडीत बोट उलटली, रस्त्यावर अपघात झाला, तर ११२ला फोन कधी आला, गाडी कधी निघाली, कधी पोचली, याच्या वेळा कोणत्याही तपासाला बाधा आणत नाहीत. त्या मागायला अर्ज लागतो आणि दहा रुपये. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं, नाहीतर अपील आहे.

तेव्हा गच्चीवर डोंगल घेऊन बसणाऱ्या तरुणांना सांगणं एवढंच: आधी परवाना घ्या, हॅमच्या पट्ट्यात बिघाड शोधायला शिका, आणि कुलूप दिसलं की हात आवरा. बाकी ज्यांना स्कॅनरशी काही देणंघेणं नाही, त्या आपण सगळ्यांनी कुलपाच्या किल्लीचा हट्ट धरू नये, नोंदीचा धरावा. पोलिसांनी बोलणं त्या वेळी जरूर लपवावं, पण ते जपून ठेवावं आणि ठरलेल्या मुदतीनंतर द्यावं. विनिता कामटे यांनी ती नोंद मागितली म्हणून त्या रात्रीच्या वेळा आज आपल्याला वाचता येतात. पुढच्या वेळी ती मागण्याची पाळी एकट्या कुटुंबावर येऊ देऊ नका.